कुड्या, पंखा आणि तीनशे ओहम

आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर स्पीकर लावायचा नाही, हा कायदा मीच केलेला. सासूबाई हॉलमध्ये झोपतात आणि त्यांची झोप फार सावध. कायदा झाला तेव्हा चिरंजीव बारावीला होते आणि गुन्हेगार तेच होते. आता तो पुण्यात नोकरीला, आणि रात्री गाणं ऐकायची तलफ मला येते. दिवसभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स, संध्याकाळी स्वयंपाक, मग पेपरांचे गठ्ठे. माझं म्हणून जे काही उरतं ते साडेदहानंतर.

आधी कानात घुसवायचे इयरबड वापरून पाहिले. महिन्याभरात कान खाजायला लागले आणि डॉक्टरांनी ते बंदच करायला लावले. मग गावातल्या एका दुकानातून बिनवायरचा मोठा हेडफोन आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बेस बघा की कसलाय!" बेस होता खरा. डग्गा असा घुमायचा की गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या गाडीला चिकटून उभं राहिल्यासारखं वाटावं, आणि गायिका बिचारी त्या गाडीच्या मागं कुठंतरी चालत असायची. चार दिवसांत तो सासूबाईंच्या मोबाईलवरच्या मालिकांना बहाल केला.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू स्टुडिओ हेडफोन घे. त्यात आवाज सपाट असतो, काही वाढवलेलं नाही, काही दाबलेलं नाही."

फिजिक्सच्या बाईला "सपाट" म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: कशाच्या तुलनेत सपाट? स्पीकरचा आवाज खोलीतून, खांद्यावरून, कानाच्या पाळीच्या घड्यांतून आत जातो. वाटेत त्याचा आकार बदलतो आणि मेंदूला त्या बदललेल्या आवाजाचीच सवय असते. हेडफोन यातलं बरंचसं वगळून थेट कानाशी येऊन बसतो. म्हणजे स्पीकरसारखं ऐकू यावं म्हणून हेडफोनला काही उंचीच्या स्वरांचे पट्टे मुद्दामच उचलावे, म्हणजे जरा मोठे करावे लागतात. ते किती उचलायचे, यावर कंपन्यांचं एकमत नाही. "स्टुडिओ" असा शिक्का असलेले चार हेडफोन चार तऱ्हेनं वाजतात ते यामुळं. शिवाय स्टुडिओतही कामं दोन. गायकाच्या कानावर असतो तो बंद पाठीचा, कारण त्यातला आवाज बाहेर झिरपला तर समोरच्या माइकमध्ये शिरेल. नंतर बसून मिश्रण करणाऱ्याला उघड्या पाठीचा चालतो, किंबहुना बऱ्याच जणांना तोच आवडतो, कारण आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही.

हे सगळं वाचून समजलं. पण वाचून भाजीची चव कळत नाही, आणि सांगलीत असा हेडफोन कानाला लावून बघा म्हणणारं दुकान मला तरी सापडलं नाही. सापडला तो माझा जुना विद्यार्थी. बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झालेला हा मुलगा आता मिरजेत एका खोलीत स्टुडिओ चालवतो. भजनी मंडळं, कीर्तनकार आणि निवडणूक लागली की प्रचाराची गाणी. म्हणाला, "मॅडम, या की रविवारी. तीन आहेत माझ्याकडं."

जाताना परीक्षेची तयारी करून गेले. पहिला पेपर, किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची १९३०च्या दशकातली ७८ फेऱ्यांची तबकडी. १९३७ साली ते गेले. पण मिरजेत अजूनही "खाँसाहेब" म्हटलं की पुढं नाव विचारत नाहीत. दुसरा पेपर, ऑर्गनच्या साथीचं एक नाट्यपद. तिसरा, तबल्याचा सोलो. आणि चौथा, माझ्या दृष्टीनं शंभर मार्कांचा, माझ्याच तंबोऱ्याचं मोबाईलवर केलेलं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण.

तंबोराच का? मी लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले. गळा यथातथाच, पण तंबोरा लावायला शिकले ते कायमचं. माझी पट्टी काळी चार. खर्जाची तार साधारण १०४ हर्ट्झला बोलते. तार नीट लागली असेल तर तिच्या पाचपट, ५२०च्या आसपास, एक स्वर आपोआप उमटतो, जो कोणी छेडलेला नसतो. तोच स्वयंभू गंधार. चार तारांत गंधाराची तार नाही, तरी गंधार ऐकू येतो. माझा हिशोब सोपा होता: ज्या हेडफोनमध्ये हा गंधार स्वच्छ, तो माझा. खालचे स्वर फुगवले तर खर्ज त्याला झाकून टाकणार, वरचे फुगवले तर तारेची किरकिर पुढं येणार. मधला प्रांत ज्याचा प्रामाणिक, तोच पास.

पहिला सोनीचा एमडीआर ७५०६. १९९१पासून चालत आलेलं मॉडेल, टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर, ६३ ओहम (म्हणजे विजेच्या प्रवाहाला हेडफोनचा विरोध). गायकाचा श्वास, पेटीच्या भात्याची सळसळ, सगळं टेबलावर मांडून ठेवल्यासारखं. चुका शोधायला याच्यासारखा दुसरा नसेल. पण अर्ध्या तासात मला पेपर तपासत बसल्यासारखं वाटायला लागलं, आणि त्यासाठी मला हेडफोन नको होता, गठ्ठा घरी आहेच. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, ३८ ओहम. तबला भरदार, ऐकायला मजा. हाही बंद पाठीचा.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मी वाचलेल्या एकाही परीक्षणात ती नव्हती. परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या कानात कुड्या नसतात. बंद पाठीचा हेडफोन कानावर दाबून बसला की कुडीचा मळसूत्री फिरकीचा भाग कानामागं रुततो. वीस मिनिटांत डोळ्यांत पाणी, आणि ते गाण्यामुळं नव्हे. चष्म्याचीही तीच गत. काडी आणि गादी यांच्यामध्ये फट राहते, त्या फटीतून बेस निसटतो, म्हणजे चष्म्यासह एक हेडफोन आणि चष्म्याशिवाय दुसराच. केसांचा अंबाडा मागं असेल तर वरच्या पट्टीला बसायला जागा नाही. म्हणून बायकांनी हेडफोन बघायला जाताना रोज जशा असतो तशाच जावं, लग्नाला निघाल्यासारखं किंवा उगाच दागिने काढून नको.

तिसरा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, उघड्या पाठीचा, २५० ओहम. मखमली गाद्या, कुड्यांना एकदम सुख. नाट्यपदातला ऑर्गन खोलीभर पसरला. तार सप्तकाच्याही वरचा भाग मात्र त्याच्यात चांगलाच उजळ आहे. नव्या ध्वनिमुद्रणात ती झळाळी कुणाला आवडेलही. पण खाँसाहेबांच्या त्या काळच्या तबकडीत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळजवळ नाहीच. तिथं आहे ती सुईची खरखर. आणि उजेड नेमका तिच्यावर पडला. यात हेडफोनचा दोष नाही, माझ्या आवडीचा आहे.

पण खरा घोटाळा चौथ्या पेपरात झाला. तिन्हीत गंधार नाही. मी जरा ऐटीतच निकाल सांगितला, "तिन्ही नापास." विद्यार्थ्यानं काही न बोलता माझं ध्वनिमुद्रण कॉम्प्युटरवर घेतलं, आलेख उघडला आणि ५२०च्या जागी बोट ठेवलं. तिथं टेकडी सोडा, उंचवटाही नव्हता.

"मॅडम, रेकॉर्डिंगमध्येच न्हाई, तर हेडफोन कुठनं आणणार?"

दरवर्षी अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन सांगते की आधी झिरो एरर, म्हणजे मुळातलीच चूक बघा, मग मोजा. हा मुलगा तेव्हा मागच्या बाकावर होता. ऐकत होता म्हणायचं.

तंबोरा दुसऱ्या रविवारी मिरजेलाच नेला. सतारमेकरांच्या गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण गल्ली तशीच आहे, दारात भोपळे टांगलेले आणि आत लाकडाच्या भुशाचा वास. काकांनी चारही तारा एकेकदा छेडल्या आणि तारेखालच्या दोऱ्याला हातही न लावता म्हणाले, "ताई, जवारी मिटलीया. तार वाजतीया, बोलत न्हाई." तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा किंचित उतरता असतो, तीच जवारी. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि त्यातूनच सहायक नादांची ती सगळी दाटी उठते. वर्षानुवर्षं तार बसून तिथं खाच पडते, उतार बिघडतो. काका कानस फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, कान तुंब्याजवळ न्यायचे, पुन्हा तार उतरवायचे. बारा-पंधरा वेळा तरी केलं असेल. पाऊण तासानं खर्ज छेडला आणि गंधार आला. मी हातातला चहा खाली ठेवला.

काकांना हेडफोनचं सांगितलं. त्यांना फारसं पटलं नाही. "कान हाय की," एवढंच म्हणाले.

मग विद्यार्थ्याच्या चांगल्या माइकवर पुन्हा ध्वनिमुद्रण, पुन्हा तेच तीन. या वेळी गंधार तिघांतही होता, पण तीन ठिकाणी. सोनीत तारेच्या घासण्यासकट, एम५०एक्समध्ये खर्जाच्या पाठीमागं, डीटी ९९०मध्ये स्वच्छ पण डोक्यावर दिवा लावून. आता मला काय नको ते नेमकं बोलून दाखवता येत होतं.

दिवाळीला पुण्यात मुलाच्या मित्राकडं सेनहायझरचा एचडी ६०० ऐकायला मिळाला. उघड्या पाठीचा, १९९७चं मॉडेल, ३०० ओहम. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. बेस उठला नाही, झळाळी नाही. मी मनात म्हटलं, एवढ्या पैशांत हे? मग खाँसाहेबांची तबकडी लावली आणि ती संपल्यावर लक्षात आलं की खरखरीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. तंबोरा लावला. गंधार होता, जिथं असायला हवा तिथं, खर्जाच्या पोटात. डग्ग्याचा खालचा घुमारा यात थोडा कमी पडतो, हे कबूल. मी त्यासाठी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाची. याच्या गाद्या, वायर, वरची पट्टी, सगळं सुटं मिळतं आणि घरच्या घरी बदलता येतं. वीस वर्षं मिक्सरची भांडी बदलून तोच मिक्सर वापरणाऱ्या बाईला यापेक्षा मोठं आमिष नाही.

घेताना एक फटका बसलाच. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या खोक्याचं सील फोडलेलं, आणि गाद्यांना कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. परत पाठवला, पैसे यायला तीन आठवडे आणि सात फोन. दुसरा अधिकृत विक्रेत्याकडून घेतला आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ मुलाकडून काढून घेतला.

ओहमचं म्हणाल तर जास्त ओहमचा हेडफोन मोबाईलला झेपत नाही, असं सांगून लोक उगाच घाबरवतात. नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही, किती व्होल्टला किती आवाज हेही बघावं लागतं. याला एक व्होल्ट दिला की ९७ डेसिबल मिळतात. हेडफोनची वायर जोडायला माझ्या मोबाईलला लावलेला छोटा डोंगल अर्धा व्होल्टच देतो असं धरलं, तरी सहाच डेसिबल कमी, म्हणजे ९१. शांत रात्री ते पुरतं. पण जुनी ध्वनिमुद्रणं मुळातच हळू असतात, आणि आवाजाची पट्टी शेवटाला टेकलेली बघून मला चैन पडेना. म्हणून दोन महिन्यांनी एक लहान अँप्लिफायर घेतला. तो गरज म्हणून कमी आणि हौस म्हणून जास्त. फार वर मात्र नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. नव्वदला चारच तास उरतात.

नवा असताना तो डोक्याला चिमट्यासारखा बसायचा. आठ दिवस लाडवांच्या स्टीलच्या डब्यावर चढवून ठेवला. आमचे हे सकाळी चहा घेताना डब्याकडं बघून म्हणायचे, "आज काय ऐकतोय?" कुड्या रात्री काढून कुंकवाच्या डबीशेजारी ठेवते.

उघड्या पाठीचं दुसरं टोक उन्हाळ्यात कळलं. आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचाही आत येतो. एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद करायचा म्हणजे तपश्चर्या, आणि पंखा चालू असला तर गंधार गेला. तोड म्हणून आधी तासभर कूलर लावून खोली गार करायची, मग सगळं बंद करून एक राग, फार तर दीड.

बाहेर झिरपणाऱ्या आवाजाची मला जास्त भीती होती. एका रात्री दार लोटलेलं राहिलं आणि सासूबाई उठून आल्या. मला वाटलं, आता कायदा आठवून देणार.

"अगं, मिरजेचे खाँसाहेब ना हे?"

"हो आई. झोपमोड झाली का तुमची?"

"माझे वडील लावायचे. बघू इकडं."

त्यांच्या पांढऱ्या केसांवर हेडफोन ठेवला, पट्टी दोन घर आत घेतली. क्षणभर ऐकून त्यांनी हात वर केला.

"आधी तो पंखा बंद कर."

पंखा बंद केला. त्या खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिल्या, आणि मी घाम पुसत बटणापाशी उभी.