आंबोलीच्या धुक्यात उतरण्याआधी: फॉग लाइटची तयारी

जुलैत आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना बराच वेळ रस्ता स्वच्छ दिसतो. आंबोली जवळ आली की चित्र पालटतं. पुढच्या एसटीचे मागचे दिवे आधी फिकट होतात, मग दिसेनासे. इथून दाणोलीपर्यंत घाट उतरायचा, तर दिव्यांची तयारी आदल्या दिवशीच झालेली हवी. आम्ही ती करून निघालो होतो, म्हणून आधी तीच सांगतो.

फॉग लाइट लांबचं दाखवण्यासाठी नसतो. बंपरमध्ये खाली बसवलेला हा दिवा रुंद, चपटा झोत टाकतो आणि झोताची वरची कड सरळ कापलेली असते. डोळ्यांसमोरच्या धुक्यावर उजेड पडत नाही, म्हणून रस्त्याची कड, पांढरा पट्टा आणि कठडा दिसतो. आधी झुकाव बघा, वॅट नंतर. टायरमध्ये बरोबर हवा आणि गाडीत नेहमीचं वजन ठेवून सपाट जागेवर भिंतीपासून ७.५ मीटरवर गाडी उभी करायची. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारायची. झोताची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवायचा. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर झोत साधारण ४५ मीटरवर जमिनीला टेकतो. ओल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरून, थांबायला तीसेक मीटर घेते. ६० च्या वेगात हे ४५ मीटर पुरत नाहीत. दाट धुक्यात तर झोतही तितका लांब दिसत नाही, तेव्हा २० च्या वर जाऊच नये.

बाहेरून फॉग लाइट बसवून घेताना खरी गडबड वायरिंगमध्ये होते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून थोडा जास्त करंट खेचतात. तो थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेला की स्विच तापतो, वितळतो. रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबर पिनला, ८७ वरून दिव्यांना. ८६ ला स्विचची वायर, ८५ ला अर्थ. स्विचला सप्लाय पार्किंग लाइटमधून दिला, की गाडी बंद करताना फॉग लाइट चुकून चालू राहत नाहीत. अर्थचं टोक रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच आवळा. बारीक वायर किंवा गंजलेला अर्थ यामुळे व्होल्टेज १० टक्के पडलं, तर हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्के घटतो. पुष्कळ जण तेव्हा बल्बला दोष देतात.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खोचू नका. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप तिथे बसत नाही, वरची कड फुटते आणि उजेड धुक्यात उधळतो. एलईडीच हवा असेल तर पूर्ण दिवा बदला. पिवळ्या रंगाबद्दलही गैरसमज आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पिवळा प्रकाश धुकं जास्त भेदतो असं नाही. डोळ्यांना चमक मात्र कमी वाटते, आणि वळणांच्या रस्त्यावर आम्हाला तेवढ्यासाठी पिवळाच आवडतो.

घाटात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लाइट पुरतात. चालत्या गाडीत हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नयेत, कारण मग वळणार आहात की नाही हे मागच्याला कळत नाही. मागचा लाल फॉग लाइट दाट धुक्यात जरूर लावा. मुख्य धबधब्यापाशी रस्त्यालगत गाड्या आणि माणसं असतात, तिथे हॉर्नही हवा. समोरची काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

दाणोलीला धुकं विरलं की मागचा फॉग लाइट आधी बंद करा, स्वच्छ हवेत तो मागच्याच्या डोळ्यांत खुपतो. मग पुढच्या दिव्यांच्या काचा पाहा. तापलेली काच पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर तडकू शकते. आत थोडी वाफ धरली असेल तर दिवा चालू ठेवल्यावर ती जाते. पाणी साचलं असेल तर होल्डरचं रबर सील बदलावं लागतं.