म्हापसा–कळंगुटच्या बसमध्ये चार वर्षांच्या मुलीचं फुल तिकीट

निघायच्या आदल्या रात्री गोव्यातल्या डिचोलीच्या मावशीला फोन केला होता. म्हटलं, दोन पोरं घेऊन चार दिवस बसनेच फिरणार आहोत, भाड्याचं कसं असतं? मावशी म्हणाली, "भुरग्यांक खंयची तिकेट गो? कोण घेता पयशे?" म्हणजे मुलांना कसलं तिकीट, पैसे घेतंय कोण. तिच्या शब्दावर मी हिशेब मांडला: मोठी माणसं दोन, मुलगा सात वर्षांचा, मुलगी पाचाला दोन महिने कमी. म्हणजे दोन तिकिटं, फार तर अडीच. चार दिवसांत हा हिशेब कुठे जुळला आणि कुठे आम्हाला सरळ फसवलं गेलं, ते लिहून ठेवतेय. सावंतवाडी-कुडाळकडून लहान मुलं घेऊन गोव्यात बसने जाणाऱ्यांना उपयोग होईल. चालायची सवय, पाठीवरची एकच सॅक आणि पाण्याच्या बाटल्या हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरते.

पहिला धक्का घरातून निघतानाच बसला, आणि तो आमच्या अज्ञानाचा होता. आपल्या एसटीत बायकांना निम्मं भाडं हे मार्च 2023 पासून इतकं अंगवळणी पडलंय की सावंतवाडीहून म्हापशाचं तिकीटही अर्धंच येणार असं मी धरून चालले होते. तसं नाही. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे. बांदा गेलं, पत्रादेवीला गोव्यात शिरलं की पुढच्या किलोमीटरचं भाडं पूर्ण लागतं, आणि वाहक ते तिकिटात आधीच धरतो. म्हणजे "निम्मं का नाही?" म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो बरोबर असतो. आणि सावंतवाडी स्टँडवरून तुम्ही कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, गाडी पकडलीत तर महाराष्ट्राची सवलत तिथे मुळीच नाही. वेळ दोन्हीला सारखाच लागतो, त्यामुळे घरातल्या बायका जास्त असतील तर लाल गाडीची वाट बघा. मुलांचं एसटीत सोपं आहे: पाचाच्या आत काही नाही, पाच ते बारा अर्धं. तो सगळा प्रवास छान झाला, पोरं झोपली.

आता दुसरा दिवस. म्हापसा ते कळंगुट. माझं सगळं सांगणं या एका टप्प्याबद्दल आहे.

सकाळी साडेनऊला म्हापशाच्या स्टँडवर आलो. वार शुक्रवार. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मला माहीत होता, पण बाजाराच्या दिवशी स्टँडची काय अवस्था होते ते माहीत नव्हतं. भाजीच्या पिशव्या, सुक्या मासळीचं गाठोडं, केळीचा घड, आणि प्रत्येक खासगी मिनीबसच्या दारात लटकलेला कंडक्टर "कळंगुट, कळंगुट, कळंगुट" ओरडतोय. मी दारातच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. त्याने मुलाला दंडाला धरून वर घेतलं आणि आम्ही मागोमाग चढलो.

तीन जागा मिळाल्या. मुलगा खिडकीशी, हे त्याच्या शेजारी, आणि मी पुढच्या बाकावर, धाकटी मांडीवर. लक्षात घ्या, ती पहिल्या मिनिटापासून मांडीवर होती. तिने कुणाची जागा अडवलेली नव्हती. बस स्टँडबाहेर पडली आणि कंडक्टर पैसे गोळा करत आला. बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, मुठीत नाणी. आमच्याकडे बघून म्हणाला, "चार. ऐंशी."

मी म्हटलं, मुलगी चार वर्षांची आहे, मांडीवर आहे. मुलाचं अर्धं घ्या. तो म्हणाला, "अर्दी ना हांगा." मग मुलीकडे बघून, "पांच वर्सां जाल्यांत हाका." मी म्हटलं, नाही झाली. मोबाईलमध्ये तिच्या आधारचा फोटो होता, तो काढायला लागले, तेवढ्यात बस वळणावर कलली आणि मुलीचं डोकं पुढच्या दांड्यावर आपटता आपटता राहिलं. मागून एक बाई म्हणाल्या, "दी गो बाये, वेळ जाता." ह्यांनी शंभराची नोट दिली. वीस परत द्यायच्या ऐवजी "उपरांत दितां" म्हणून तो मागे सरकला. ते वीस मी उतरताना दारात उभी राहून मागून घेतले. तिकीट मागितलं तर हात हलवला. कागदाचा एक तुकडाही मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, तीस रुपयांचा प्रश्न. नाही, प्रश्न तीस रुपयांचा नाही. त्याच दिवशी संध्याकाळी कळंगुटहून परत येताना दुसऱ्या खासगी बसमध्ये बसलो. तोच रस्ता, तेवढंच अंतर. या वेळी दारातच विचारलं, "भुरग्याक कितले?" त्याने दोघांकडे बघितलं, "न्हान म्हाका नाका, व्हडाक धा." धाकटीचं काही नको, मोठ्याचे दहा. एकूण पन्नास रुपये. तेवढ्याच रस्त्याचे सकाळी ऐंशी, संध्याकाळी पन्नास. म्हणजे सकाळी सांगितलेला "नियम" नियमच नव्हता. नवखी माणसं, अंगावर समुद्राचे कपडे, पोरं रडकुंडीला आलेली, आणि हुज्जत घालायला फुरसत नाही, हे ओळखून मागितलेले पैसे होते ते.

रात्री मावशीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. तिच्या गावच्या बसला कंडक्टर वर्षानुवर्षं तोच. नातवंडं कुणाची, कुठे उतरणार, सगळं त्याला ठाऊक. तो मुलांचे पैसे घेत नाही कारण उद्या परत तीच बाई त्याच्या गाडीत असणार. मावशी खोटं बोलली नव्हती. तिचा अनुभव तिच्या रस्त्यापुरता खरा होता. किनाऱ्याकडच्या रस्त्याला तो लागू नाही, तिथे आपण एकदाच दिसणारी माणसं. म्हणून गोव्यातल्या नातेवाइकांनी भाड्याबद्दल काही सांगितलं तर "कुठल्या रस्त्यावर?" हे आधी विचारा.

माझं स्पष्ट मत: शुक्रवारी सकाळी पाच वर्षांच्या आतलं मूल घेऊन म्हापसा–कळंगुट खासगी बसने जाऊ नका. दुसरा वार काढा, नाहीतर दुपारी जा. आणि कुठल्याही वारी खासगी बसमध्ये चढायच्या आधी, एक पाय जमिनीवर असतानाच, मुलांची वयं सांगून भाडं विचारा. चढल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही, कारण पैसे गाडी सुटल्यावर मागतात. हातात दहा-वीसच्या नोटा ठेवा आणि बरोब्बर रक्कम द्या. मोठी नोट दिलीत की उरलेल्या पैशांसाठी तुम्हीच त्याच्या मागे. तिकीट मागा, नाही दिलं तर चढायच्या आधी काढलेला नंबर प्लेटचा फोटो तरी तुमच्याकडे असू द्या. मी तो उतरल्यावर काढला, तोवर गाडी निम्मी वळली होती.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. गर्दीच्या बसमध्ये चार वर्षांच्या मुलाला वेगळी जागा दिलीत आणि शेजारी कुणी म्हातारी बाई उभी असेल, तर त्या जागेचे पैसे मागणं मला चूक वाटत नाही. जागा हवी तर पैसे द्यावेत. मांडीवरच्या मुलाचे मात्र नाहीत. पण मांडीवर घ्यायचं तर नीट घ्या: बाकाच्या आतल्या बाजूला बसा, आणि मुलाचं डोकं पुढच्या दांड्यापासून लांब ठेवा. त्या मिनीबस वळणं जोरात घेतात. दाराजवळची आणि ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवरची जागा मिळत असली तरी घेऊ नका, बॉनेट तापतं.

त्या प्रसंगानंतर मुलाने एक काम स्वतःकडे घेतलं. कदंबाच्या गाडीवर सिंहाचं चिन्ह असतं, जुन्या कदंब राजांचं. तो स्टँडवर सिंह शोधायचा आणि "आई, सिंहाची!" म्हणून ओरडायचा. मग आम्ही शक्य तिथे सिंहाचीच गाडी धरली. 1980 साली सुरू झालेलं हे सरकारी महामंडळ आहे, आणि चार दिवसांत त्यांच्या एकाही गाडीत आमच्याकडून धाकटीचे पैसे मागितले नाहीत. मोठ्याचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. पणजीत फिरणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक बसमध्येही तसंच, मशीनमधून चिठ्ठी निघाली. मुलाने ती चिठ्ठी अजून कंपासपेटीत ठेवली आहे.

पणजीची शटल मात्र समजून घ्या, कारण तिथे चूक केलीत तर दुरुस्त करायला कुणी नसतं. म्हापसा–पणजी, पणजी–मडगाव, पणजी–वास्को या शटल गाड्या मध्ये कुठे थांबत नाहीत आणि त्यात कंडक्टर नसतो. तिकीट आधी स्टँडवरच्या खिडकीवर काढायचं, मग रांगेत उभं राहायचं. खिडकीवरच्या माणसाला तुमची पोरं दिसत नाहीत, ती त्याच्या काउंटरच्या उंचीच्या खाली असतात. तुम्ही "चार" म्हणालात तर तो चार देणार. म्हणून तोंडाने पूर्ण सांगा: दोन मोठे, एक सात वर्षांचा, एक चार वर्षांची. आम्ही पणजीला परतताना घाईत "चार" म्हटलं आणि चार फुल तिकिटं हातात आली. मागे वीस माणसं उभी, परत फिरवायला तोंड उघडलं नाही. ती चूक आमची, पण तुम्ही करू नका. दुसरं म्हणजे, एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने मुलांना आधीच लघवीला नेऊन आणावं. एकदा गाडी निघाली की थेट पुढच्या स्टँडलाच थांबते, आणि संध्याकाळी पुलाच्या आसपास गाड्या अडकतात.

तिसऱ्या दिवशी पणजीहून फोंड्याच्या बसने जुन्या गोव्याला उतरलो, बॉम जीझसचं चर्च बघितलं, बाहेर शहाळं प्यालो. चांगला दिवस. सांगण्यासारखी गोष्ट एकच: फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीला पायी माणसांना पैसेच लागत नाहीत, मोठ्यांना नाही, मुलांना नाही. मुलाचा विश्वास बसेना, तो दोनदा विचारून आला. मांडवी ओलांडून पलीकडे जा, त्याच बोटीने परत या, पोरांना यापेक्षा जास्त काही नको असतं. जुन्या गोव्याहून दिवाडीलाही अशीच जाते. फक्त गाड्या चढायच्या आणि उतरायच्या वेळी मुलांना कठड्याशी धरून ठेवा, स्कूटरवाले बोट टेकायच्या आधीच गाडी चालू करतात.

पायलटबद्दल, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीबद्दल, विचारणारे असतात म्हणून लिहिते. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलचे हे परवानाधारक पायलट एकट्या माणसाला उत्तम. दोन मुलं असलेल्या कुटुंबाने त्यांचा विचार सोडून द्यावा. एका गाडीवर दोघं बसवून न्यायला तयार होणारा कुणी भेटला तरी नाही म्हणा.

मुलांच्या वयाचा कागद लागतोच. पाचाच्या आतल्या मुलाचं आधार निळं असतं, ते बरोबर ठेवा, पण नुसत्या निळ्या रंगावर जाऊ नका, जन्मतारीख वाचता येईल असं ठेवा. मोबाईलमध्ये असेल तर फोटो वेगळ्या अल्बममध्ये, एका बोटाने उघडेल असा. मला त्या बसमध्ये गेल्या वर्षीच्या गणपतीच्या फोटोंतून तो शोधत बसावं लागलं.

परत येताना बस नको म्हटलं. अंग दुखत होतं आणि मला पुन्हा कुणाशी भाड्यावर बोलायचं नव्हतं. थिवीहून सावंतवाडीला रेल्वेने आलो, जनरलचं तिकीट. पाचाच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं, खिडकीवरच्या बाईंनी मी सांगायच्या आधी स्वतः विचारलं, "मुलं किती वर्षांची?" एवढा एक प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. लांबून, मुंबईहून वगैरे आरक्षण करून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवा की 21 एप्रिल 2016 पासून पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडं पडतं, अर्धं फक्त बर्थ न मागता. रात्रीच्या प्रवासाला सात वर्षांचं मूल एका बर्थवर दोघांत झोपत नाही, पूर्ण भाडं भरून बर्थ घ्या.

आणि थिवी स्टेशन म्हापशाला लागून नाही, चांगलं दूर आहे. रिक्षावाल्याने जे सांगितलं ते आमच्या चौघांच्या रेल्वे तिकिटाच्या कितीतरी पट होतं. शेवटी मावसभावाने गाडीतून सोडलं. तुमचं कुणी नसेल तर रिक्षाचं भाडं आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, सकाळी सामान आणि पोरं हातात असताना नाही.