लांडग्यांची पंगत : चित्रमालिकेचा चौथा कागद

चौथा कागद काल रात्री संपवला. जागा तीच, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं लामार खोरं. बर्फात पडलेलं एल्क हरीण आणि भोवती जमलेले खाणारे.

पहिले दोन कागद लांडगे नसतानाचे होते. तिथले शेवटचे लांडगे 1926 साली मारले गेले आणि थेट 1995-96 मध्ये कॅनडातून 31 आणून सोडले. मधल्या काळात हरणं मुख्यतः हिवाळा सरताना उपासमारीनं मरायची. कडक हिवाळ्यात एकदम पुष्कळ, सौम्य हिवाळ्यात फारच थोडी. म्हणून दुसरा कागद जवळजवळ कोरा आहे. रंगवताना तो रिकामा वाटत होता, पण मढ्यांवर जगणाऱ्यांसाठी सौम्य हिवाळा असाच असायचा. आता त्याला हात लावणार नाही.

लांडगे आल्यावर मांस हिवाळाभर थोडंथोडं मिळू लागलं. हे एका चित्रात दाखवता येत नाही, म्हणून तर मालिका.

सगळ्यात जास्त वेळ रॅव्हनवर, म्हणजे मोठ्या डोमकावळ्यावर गेला. एल्कचं जाड कातडं त्याच्या चोचीनं फाटत नाही. डोळे टिपता येतात, पोट उघडता येत नाही. ते काम लांडग्यांचं. म्हणून रॅव्हन कळपाच्या मागेच असतात. एका मढ्यावर शंभराहून जास्त मोजल्याची नोंद आहे. मी अकरा काढले. ट्यूबमधला काळा वापरला तेव्हा ते कागदाला पडलेल्या भोकांसारखे दिसले. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून दाट हात दिला आणि ओल्या ब्रशनं खांद्यावरचा रंग उचलला, तेव्हा कुठे पिसांवर निळी झाक आली.

कोयोटीनं, म्हणजे लांडग्याच्या लहानखुऱ्या भाऊबंदानं, मात्र अख्खा कागद पुन्हा करायला लावला. आधी तो मांसाला तोंड लावलेला काढला होता, लांडगे चार पावलांवर. हे चूकच. मढ्यापाशी सापडलेल्या कोयोटीला लांडगे ठार करतात; पुनरागमनानंतर लामारमध्ये कोयोटी जवळपास निम्म्यावर आले होते. त्याच मांसावर त्याचं पोटही भरतं आणि तिथेच जीवही जातो. आता तो उजव्या कोपऱ्यात आहे, एक पाय उचललेला, कान मागे. नजर लांडग्यांवर, मांसावर नाही. बाल्ड ईगल वाळक्या खोडावर बसवला, तो पहिल्या फटक्यात जमला.

पाचव्यात ग्रिझली अस्वल. वसंतात गुहेतून बाहेर पडला की तो सरळ लांडग्यांची शिकार बळकावतो. आराखडा तयार आहे: अस्वल मढ्यावर आडवं, लांडगे बर्फात बसलेले. पाठीच्या उंचवट्यावरच्या केसांची फिकट टोकं कोरा कागद राखून काढायची की शेवटी ड्राय ब्रशनं, एवढंच अडलंय. कुणी दोन्ही करून पाहिलं असेल तर सांगा.