लेबल नंतर वाचू

स्थानिक जिनच्या बाटलीवर वाचायला भरपूर असतं. अमुक डोंगरावरचं रानफूल, तमुक झऱ्याचं पाणी, पहाटे हाताने खुडलेली पानं, बॅचचा क्रमांक आणि खाली शाईच्या पेनाने केलेली सही. एवढं वाचून होईपर्यंत अभिप्राय तयार होतो: ‘रानफुलाचा किती नाजूक वास येतोय!’ बूच अजून निघायचं असतं.

आपलं नाक असं भाबडं असतं, आणि शिकलेलं नाकही त्याला अपवाद नाही. बोर्दोमधला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढऱ्याच वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. निळी जिन दिसली की मला हा प्रयोग हटकून आठवतो. ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर वास येतो, रंग येत नाही. स्टिलमधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून, उतरलेली जिन पाण्यासारखी नितळ असते. म्हणजे जो काही रंग दिसतो तो मागाहून चढलेला. निळा बहुधा गोकर्णाच्या फुलांचा. टॉनिक वॉटर ओतलं की त्यातल्या आम्लाने तो जांभळा-गुलाबी होतो, टेबलावर ‘अय्या’ होतं, आणि त्या गडबडीत चवीचा विषय राहून जातो. गोकर्णावर माझा राग नाही. ग्लास बघून खूश होणं हाही आनंदच आहे, फक्त त्याला चव म्हणू नये.

म्हणून आमच्या मंडळींत बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचा नियम आहे, आणि जो बाटली आणेल त्याने गप्प बसायचं. (हा दुसरा नियम पाळणं भल्याभल्यांना जमत नाही.) बर्फ नाही, टॉनिक नाही. आधी नुसती हुंगायची, मग थोडं थोडं पाणी घालत साधारण २० टक्के अल्कोहोलपर्यंत उतरवायची. नवख्यांना हा छळ वाटतो. पण मिरचीचा जाळ ज्या चेतातंतूंना कळतो त्यांनाच अल्कोहोलही चिथावतं. तोंडात आग लागलेली असताना फुलांची चौकशी कोण करणार? पाणी पडलं की जाळ ओसरतो आणि वास सुटे सुटे होतात. कधीकधी जिन दुधाळही होते. अल्कोहोल कमी झाल्यावर सुगंधी तेलं त्यात विरघळलेली राहू शकत नाहीत, त्याचा हा परिणाम. पुष्कळ लोक ती खोट समजतात, आणि त्या धास्तीने काही उत्पादक तेलं आधीच गाळून टाकतात. मला मात्र अशी गढुळलेली जिन दिसली की आशा वाटते. निदान तेल तरी आहे म्हणायचं.

मग शोधायचं ते जुनिपर. युरोपीय संघाच्या नियमात जिनसाठी किमान ३७.५ टक्के अल्कोहोल लागतं आणि जुनिपरची चव प्रधान असावी लागते. हे नियमात लिहावं लागलं यातच सगळं आलं. जुनिपरला आपण बेरी म्हणतो, पण ते फळ नसून मांसल झालेला शंकू आहे, पाइनच्या शंकूचा लांबचा भाऊबंद. पिकायला दोन-तीन वर्षं घेतो, त्यामुळे एकाच झुडपावर हिरवे आणि निळेकाळे शंकू एकत्र नांदतात. वासही तसाच, पाइनच्या डिंकाचा, जरासा कडवट, खणखणीत. त्याच्याजवळ धने लिंबाची हलकी झुळूक आणतात, अँजेलिकाचं मूळ मातकट कोरडेपणा देतं. टँकरे या ब्रिटिश ब्रँडच्या नेहमीच्या लंडन ड्राय जिनमध्ये हे तीन आणि ज्येष्ठमध, एवढ्या चारच वनस्पती असतात. उलट जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या मंकी ४७ या जिनमध्ये नावाप्रमाणे ४७ आहेत, आणि तीही उत्तम जिन आहे. पण तिचं बघून ज्यांनी नुसती संख्या वाढवली, त्यांच्या जिनमध्ये बहुतेक वेळा कोण बोलतंय तेच कळत नाही. आणि जुनिपर पार मागच्या रांगेत जाऊन बसलेलं असेल तर ती वास घातलेली व्होडका आहे. चांगलीही असेल, पण वर्तमानपत्र काढल्यावर बाटलीवर ‘जिन’ असं लिहिलेलं निघतं, त्याचं काय करायचं?

यात स्थानिक काय असतं, हे विचारलं की उत्पादक थोडे बिचकतात. बहुतेक छोट्या डिस्टिलऱ्या मूळ अल्कोहोल विकतच घेतात, ९६ टक्क्यांच्या आसपासचं, शक्य तितकं निर्गुण. जुनिपर बहुधा इटलीहून नाहीतर बाल्कन देशांतून येतं. मग उरतं ते रानफूल आणि झऱ्याचं पाणी, आणि तेही गाळून, क्षार काढून घेतलेलं. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही. लंडनच्या जुन्या जिनमधलीही दालचिनी-कॅशिया आणि संत्र्याच्या साली जहाजातूनच यायच्या, आणि आजची ‘लंडन जिन’ लंडनमध्येच बनवली पाहिजे अशी अट नाही. अट आहे ती पद्धतीची.

खरा स्थानिक असतो तो स्टिलजवळ उभा राहणारा माणूस. सुरुवातीला उतरतं ते हेड्स, ते बाजूला काढायचं. मग हार्ट्स, म्हणजे ठेवायचा मधला भाग: आधी सालींचा चुणचुणीत वास, मग जुनिपर, मग मसाले, आणि हळूहळू मुळं. मुळं जास्त वेळ येऊ दिली की टेल्सकडे, म्हणजे शेवटच्या भागाकडे, घसरण सुरू होते आणि जिनला शिजवल्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा जडपणा येतो. कुठे थांबायचं हे थर्मामीटर आणि अल्कोहोलमीटर अंदाजे सांगतात, पण शेवटचा निर्णय नाकाचा. पाच-दहा मिनिटं लवकर थांबलं तर जिन पोकळ, उशिरा थांबलं तर गढूळ मनाची. टेल्समध्येही पैसा असतो, त्यामुळे उशिरा थांबायचा मोह मोठा. समजा तीच भांडी आणि तीच कृती दोघांना दिली, तरी दोन वेगळ्या जिन निघतील. ही एवढी जागा मला प्रत्येक घोटात शोधायला आवडते.

छोट्या डिस्टिलऱ्या जिनकडेच का वळतात याचं कारण फारसं काव्यात्म नाही. स्कॉच व्हिस्कीला पिंपात किमान ३ वर्षं झोपवावं लागतं, जिन दुसऱ्या आठवड्यात विकता येते. व्हिस्की पिकेपर्यंत कर्जाचे हप्ते जिन भरते. शिवाय ब्रिटनमध्ये १८०० लिटरपेक्षा लहान स्टिलला परवाना देण्याची प्रथा नव्हती. लंडनच्या सिपस्मिथ या जिन कंपनीने ती हटवायला लावली आणि २००९ मध्ये छोट्या तांब्याच्या स्टिलवर काम सुरू केलं. मागून इतरांची रांग लागली.

अडचण येते ती अभिप्राय लिहिताना. दूरदेशीच्या मोठ्या कंपनीला नावं ठेवणं सोपं. इथे बनवणारा समोर बसलेला असतो, चेहऱ्याकडे बघत. मग ‘धाडसी’ असा शब्द निघतो, म्हणजे जुनिपर विसरले. हे टाळण्यासाठी मी तारे देणं सोडलं. जिन दोनदा चाखते: एकदा नुसत्या पाण्याबरोबर, एकदा टॉनिकबरोबर. दुसरी फेरी निर्दय असते. टॉनिकमधल्या क्विनाइनचा कडूपणा आणि साखर दोन्ही एकदम अंगावर आली की नाजूक फुलं बघता बघता नाहीशी होतात. डिंक, साल आणि मूळ तेवढं तग धरतं. म्हणून फुलांच्या जिनला टॉनिक निम्मं करून साधा सोडा घालावा, असं मी सुचवते, आणि ते उत्पादकांना फारसं आवडत नाही. वहीत दोनच ओळी लिहिते: जुनिपर कुठपर्यंत टिकलं, आणि घोट कुठे जड झाला.

एका बनवणाऱ्याने आग्रहच धरला म्हणून त्या दोन ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या. दुसऱ्या ओळीवर तो गप्प झाला, मग हवामानाबद्दल बोलू लागला. त्याच्या पुढच्या बॅचमध्ये शेवटचा मुळांचा जडपणा बराच कमी होता. हे माझ्या सांगण्यावरून झालं असं म्हणायला माझ्याकडे काडीचाही पुरावा नाही, पण मी म्हणते.