अंग सैल सोडा

"ताई, हात मी कधीच सोडलाय."

मी डोळे उघडून पाहिलं. मी उताणी पडले होते आणि आपण छान विसावलोय अशी माझी पक्की समजूत होती. मालीश करणाऱ्या बाईंनी माझा हात मनगटाला धरून उचलला होता, कोपरातून जरा हलवला होता आणि सोडून दिला होता. तो धप्पकन खाली पडायला हवा होता. तो मात्र हवेत तसाच, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा.

मी गेले होते ती पाठीसाठी. उजव्या खवाट्याची आतली कड, मणक्यापासून चार बोटांवर. तिथे हात वरून पोचत नाही, खालून वळवला तरी दोन इंच उरतातच. दाराच्या चौकटीला पाठ घासून झाली. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून पाहिला, तर तो दर वेळी घरंगळून पलंगाखाली जायचा आणि त्याला काढायला वाकलं की पाठ आणखी दुखायची. आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटाने रोज अभ्यंग, म्हणजे तेलाने मालीश, करायला सांगितलं, त्यात डोकं, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावं म्हटलं. सगळ्या आपला हात पोचतो अशाच जागा. शहाणा माणूस.

बाईंची पद्धत मुख्यतः स्वीडिश. या पद्धतीचं श्रेय बराच काळ पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामतज्ज्ञाला दिलं गेलं, पण त्यातल्या हातांच्या हालचालींना आज रूढ असलेली फ्रेंच नावं दिली ती योहान मेझगर या डच डॉक्टरने. ती नावं ऐकायला फार भारदस्त आहेत. मराठीत ऐकाल तर हात फिरवणं, तिंबणं, घासणं, थापटणं. त्यातलं तिंबणं आपण कणकेसाठी आणि पकडलेल्या चोरासाठी राखून ठेवलंय, एवढंच.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पहिलं, नुसतं हात फिरवणं. तेलकट तळवा मानेपासून कमरेपर्यंत यायला दहा-बारा सेकंद घेतो. (मी मोजलेत. हेही सैल न सोडण्याचंच लक्षण.) म्हणजे सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर. आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे असतात, की सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ स्पर्शालाच ते नीट दाद देतात. घाईने चोळलं तर त्यांना काही सांगायचं नसतं. बाईंनी हे कुठे वाचलेलं नसावं, त्यांच्या हाताला ते माहीत आहे.

बाकीचे प्रकारही मी हौसेने करून पाहिले. शियात्सु म्हणजे जपानीत बोटांचा दाब. तेल नाही, कपडे अंगावरच, आणि अंगठा एकाच जागी रोवून शांतपणे वाट बघायची. तोकुजिरो नामिकोशी यांनी लहानपणी आईचे दुखरे सांधे दाबता दाबता ही विद्या शोधली असं सांगतात. त्यात माझा जीव रमला नाही, कारण पुढचा अंगठा कुठे पडणार याचा अंदाज बांधण्यातच सगळा वेळ गेला. थाई मालीश तर २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. तिथे कोपर, गुडघे, तळपाय असं सगळं वापरून तुम्हाला ओढतात, वळवतात, दुमडतात. सैल सोडायला कुणी सांगतच नाही, ते सोडवूनच घेतात.

पण खवाट्याचं दुखणं सापडलं ते भलतीकडेच. एक दिवस बाईंनी पाठीला हातच लावला नाही. मानेच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या जरा वर, दोन बोटं टेकवून हलकेच दाबली. आणि मागे, नेमक्या त्या जागी, कळ उठली. मी "आई गं" म्हटलं, त्या "सापडलं" म्हणाल्या. दुखतं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, अशा स्नायूंतल्या गाठींचे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टर बाईंनी काढले. पुढे त्या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. या गाठी नेमक्या कशाच्या असतात यावर तज्ज्ञांचा अजून वाद आहे. माझा नाही.

मालिशीने अंगातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात, असं मात्र कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तेही बिनतेलाचं. व्यायामानंतरचं लॅक्टिक आम्लही तासाभरात आपलं आपण ओसरतं. मालिशीने ठणका कमी होतो, काही काळ पाठ हलकी वाटते, झोप लागते. मला तेवढं पुरतं. ताप असेल, ताजी दुखापत असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल तर तेवढंही नको, आधी डॉक्टर. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते.

टिफनी फील्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ साली मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर एक प्रयोग केला होता. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालीश, दहा दिवस. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. त्यांना अंग सैल सोडा म्हणून कुणाला सांगावं लागलं नसणार. त्यांनी अजून काही धरूनच ठेवलेलं नव्हतं.

माझी परवा सातवी खेप. बाईंनी हात उचलला, हलवला, सोडला. तो पडला! गादीवर चांगला थप्प असा आवाज झाला. बाईंनी पाहिलं की नाही, ते बघायला मी मान उचलली.

"मान ठेवा ताई खाली," त्या म्हणाल्या.