उन्हाळा आणि स्वस्तातलं रेडिएटरचं झाकण

नागपुरात पारा ४५ कडे सरकला की सगळे एसीचा गॅस तपासतात, रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. लोकल झाकणावर १.१ (झाकण किती बार दाब धरतं तो आकडा) छापलेलं असतं खरं, पण स्प्रिंग कमजोर निघाली तर दाब टिकत नाही. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण दाबाशिवाय १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बारला १२५ च्या पुढे तग धरतं. दाब गेला की वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी तापते, मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, जातं. शंभर रुपये वाचवून हजारोंचा चुना!

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण काढा. रबर चिरलंय का, मधला छोटा व्हॉल्व्ह ओढून सोडल्यावर टप्पकन बसतो का, बघा. नवीन घेताना जुन्यावरचा आकडा जुळवा. जास्त आकड्याचंही नको, जुने होज (रबरी पाइप) फुटतात.