तुम्ही विचारलंत म्हणून : काडतुसं घरी कशाला भरता?

मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहतो. वसंतात गवताच्या कुरणांवर बिळातल्या खारी मारायला जातो आणि त्यासाठी लागणारी काडतुसं स्वतः भरतो. हे कळलं की मराठी मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: ‘अहो, तुमच्याकडे तर काडतुसं दुकानात सर्रास मिळतात म्हणे. मग घरी भरायचा खटाटोप कशाला?’ फोनवर दोन वाक्यांत सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शिकार कशाची ते सांगायला हवं. रिचर्डसन्स ग्राउंड स्क्विरल नावाची ही खार. इथले शेतकरी तिला सरसकट गोफर म्हणतात. ती झाडावर राहत नाही, जमिनीत बिळं करून वसाहतीने राहते. फेब्रुवारी-मार्चात बर्फ वितळू लागलं की आधी नर बाहेर येतात, मागून माद्या. ऐन उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या खारी पुन्हा जमिनीखाली जाऊन झोपतात. तेवढ्या अवधीत लसूणघासाचा कोवळा पाला फस्त होतो आणि बिळांतून उपसलेल्या मातीच्या ढिगांवर आपटून कापणीयंत्राची पाती खराब होतात. ज्याचं वर्षाचं उत्पन्न गवताच्या गठ्ठ्यांवर आहे, त्याला हे परवडत नाही. सिंधुदुर्गात माझ्या काकांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, आणि रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं भात मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता नेमाचा हिशेब. ही खार मागच्या पायांवर उभी राहिली तरी तिची छाती मुठीपेक्षा फारशी मोठी नसते. अंतर दीडशे ते दोनशे यार्ड. रायफल किती नेमकी मारते ते इथे ‘मिनिट ऑफ अँगल’ या मापात सांगतात. एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर साधारण २.७ सेंटीमीटर. रायफल आणि काडतूस यांची जोडी दोन मिनिटांची असेल, तर दोनशे यार्डांवर गोळ्या दहा-अकरा सेंटीमीटरच्या वर्तुळात कुठेही पडतात. हरणासाठी हे पुष्कळ झालं. खारीसाठी नाही. नेम अचूक धरूनही गोळी बाजूने निघून जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पायाला लागेल आणि जनावर बिळात जाऊन तडफडत मरेल. अर्ध्या मिनिटाची जोडी त्याच अंतरावर तीन सेंटीमीटरच्या आत राहते. मला ती हवी. जनावर मारायचं तर ते जागच्या जागी मरायला हवं, आणि तशी खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही, अशी अट मी स्वतःला घातलेली आहे. काडतुसं भरणं हा त्या अटीचाच भाग आहे.

माझी रायफल ‘.२२२ रेमिंग्टन’ नावाच्या काडतुसाची. रेमिंग्टन कंपनीतल्या माइक वॉकर यांनी आखलेलं हे काडतूस १९५० साली मॉडेल ७२२ या रायफलीबरोबर बाजारात आलं. टेबलावर रायफल टेकवून केवळ अचूकतेची स्पर्धा होते, त्या बेंचरेस्ट प्रकारात पुढची कितीतरी वर्षं याचाच दबदबा होता. १९७०च्या दशकात ६ मिलिमीटरचं पीपीसी नावाचं काडतूस आलं तेव्हा तो ओसरला. दरम्यान याच्याच पुंगळीवरून लष्करासाठी लांबट काडतूस निघालं, तेच आजचं .२२३. ते इतकं मुबलक झालं की .२२२ आता दुकानाच्या फळीवर शोधावं लागतं. मिळालं तरी अडचण सुटत नाही. कारखान्यातून निघालेलं काडतूस कुणाच्याही रायफलीत विनाअडथळा बसलं पाहिजे, म्हणून त्याची मापं सैल ठेवावी लागतात. कारखान्याने तसंच करायला हवं. मला मात्र एकाच रायफलीचा विचार करायचा असतो.

काडतुसात चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी. बार झाल्यावर हाताशी उरते ती पुंगळी. दाबाने ती फुगते आणि माझ्या रायफलीच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचा, आकार घेते. डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिला परत मापात आणताना मी तिचा खांदा (तोंडाकडे ती निमुळती होते तो भाग) जेमतेम पाच शतांश मिलिमीटर मागे सारतो, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट सहज बसावा एवढाच. म्हणजे पुढच्या खेपेला ती चेंबरमध्ये घट्ट, मधोमध बसते.

पण पितळ दर बाराला थोडं थोडं पुढे सरकत असतं. पुंगळीची लांबी वाढते, १.७०० इंच ही .२२२ची कमाल मर्यादा, त्याआधीच तोंड कापून कडा आतून-बाहेरून साफ करून घ्यायची. आणि पुढे गेलेलं पितळ कुठून तरी आलेलं असतं: बुडाच्या जरा वर भिंत आतल्या बाजूने पातळ होत जाते. बाहेरून काही दिसत नाही. त्यासाठी मी कागदाला लावायची एक क्लिप सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवलं आहे आणि कानशीवर घासून अणकुचीदार केलं आहे. ती तार पुंगळीत बुडापर्यंत घालायची आणि भिंतीला टेकवून हळूच वर ओढायची. टोक सुळकन वर आलं तर पुंगळी चांगली. बुडाच्या वर ते क्षणभर अडलं, बारीकशी चर लागली, की ती पुंगळी तिथेच पकडीने चेपून भंगारात टाकायची. पुढच्या बाराला ती नेमकी त्याच जागी फाटू शकते आणि जळता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. ही तपासणी मला सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिला खर्च काही नाही.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. .२२२च्या पुंगळीत वीस-एक ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आगेमागे दारू मावते. एवढ्याशा मापात अर्ध्या ग्रेनची चूकही फार झाली. मोठ्या काडतुसात खपून जाणारा फरक इथे निशाणाच्या कागदावर उघडा पडतो. म्हणून शेवटचे काही दाणे मी एकेक करून तराजूत सोडतो. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसतं, फोनही नसतो. सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून वरून टॉर्च मारायचा आणि प्रत्येकीत दारू सारख्याच उंचीवर आहे ना ते पाहायचं, मगच गोळ्या बसवायच्या. कुठली दारू आणि नेमकी किती, ते मात्र मी इथे लिहिणार नाही, फोनवरही सांगत नाही. माझ्या रायफलीला मानवलेलं प्रमाण दुसऱ्याच्या रायफलीत घातक ठरू शकतं.

या कामाचा आणि खारींसारख्या जनावरांचा संबंध जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या घडवायचे साचे बनवायला सुरुवात केली. उडवून टाकलेल्या .२२ रिमफायर या छोट्या काडतुसांच्या पुंगळ्यांचं आवरण करून त्यात शिसं भरायचं, अशी ती युक्ती. युद्धामुळे गोळ्या मिळत नव्हत्या. खडकांत राहणाऱ्या मार्मटला, म्हणजे खारीच्याच कुळातल्या एका मोठ्या जनावराला, तिकडे रॉक चक म्हणतात, त्यांच्यासाठी या गोळ्या असत, म्हणून ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्याच आद्याक्षरांची आरसीबीएस कंपनी आज डाय आणि ते दाबायचे प्रेस विकते. माझ्या टेबलावरचा प्रेस तिचाच आहे.

दुकानातल्या काडतुसांवर माझा विश्वास न बसण्याचं आणखी एक कारण म्हणजे शिसं. या शिकारीच्या गोळ्यांचं आवरण पातळ असतं. लागताक्षणी त्या फुटतात, त्यामुळे दगडावर आपटून भलतीकडे उडण्याचा धोका कमी होतो. पण त्याच वेळी शिशाचे कण मेलेल्या जनावरात विखुरतात. कुरणावर पडलेल्या खारी गरुड आणि ससाणे खातात, आणि ते शिसं त्यांच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. मोंटानात तशी सक्ती नाही, तरी मी शिसं सोडलं. तांबं आणि कथील यांची पूड दाबून गाभा केलेल्या ३६ ग्रेनच्या गोळ्या मी वापरतो. शिशाहून हलका धातू असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि गोळीला फिरकी देणारा माझ्या नळीतला पीळ संथ आहे, १४ इंचांत एक फेरा; लांब गोळी त्यात डगमगते. म्हणून हलकी, आखूड गोळी निवडावी लागली. अशी गोळी भरलेलं .२२२ दुकानात मागितलं तर बहुतेक ठिकाणी मान हलते. ज्यांनी मला आजवर विचारलं, त्यांना हे एकच कारण सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

पैसे वाचतात का, असंही विचारतात. दर काडतुसामागे वाचतात, पण माणूस सरावाला जास्त बार काढतो, त्यामुळे वर्षाचा हिशेब फारसा खाली येत नाही. बचतीसाठी म्हणून कुणी यात पडू नये.

सिंधुदुर्गातला माझा पुतण्या दर गणपतीत विचारतो, ‘काका, मला शिकवा ना.’ त्याला मी सांगतो ते इथेही सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिथे याचा विचारही नको. जे इकडे आहेत आणि खरंच शिकायचं म्हणतात, त्यांनी आधी काडतुसं भरण्याचं चालू आवृत्तीचं छापील मॅन्युअल घ्यावं, त्यातल्या किमान प्रमाणापासून सुरुवात करावी, टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवावा आणि काम संपलं की ती दारू तिच्या मूळ डब्यात परत ओतावी. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, म्हणून वापरलेल्या पुंगळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नये. लेबल निघालेल्या डब्यातली दारू कितीही ओळखीची वाटली तरी भरू नये, आणि दुसऱ्या कुणाला देऊही नये.